बुट्टीखालचं पीठ

अप्पाराव गेले त्या दिवशी घरात रडारड फार उशिरा सुरू झाली, कारण त्याआधी दीड तास सगळे घाबरण्यात गुंतले होते. विजयनगर कॉलनीतल्या त्या घरामागच्या शेडमध्ये शहात्तर वर्षांचे अप्पाराव जमिनीवर पडलेले आणि त्यांच्या अंगावर चारी पाय रोवून तुंगा उभी. तुंगा म्हणजे त्यांची रॉटवायलर कुत्री. काळीभोर, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके, डोकं उखळाएवढं. मुलगा सुदीप पुढे झाला, तिनं दात दाखवले. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनाही दाखवले. शेजाऱ्यांनी काठ्या आणल्या, कुणी बिस्किटं आणली, एका शहाण्यानं तर तिला इंग्रजीत समजावून पाहिलं. तुंगा हलली नाही. मग साडेनऊच्या सुमाराला, कुणी काहीही केलेलं नसताना, ती आपण होऊन बाजूला झाली आणि अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली. सुदीपनं साखळी अडकवली तरी तिनं हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं. "पहिल्या अर्ध्या तासात हात लावायला मिळाला असता तर काही करता आलं असतं," ते म्हणाले आणि बॅग बंद केली.

त्या एका वाक्यानं तुंगेचा निकाल लागला.

"मी चार वर्षं सांगतोय," उपेंद्र म्हणाला. हा कॉलनीच्या संघाचा सेक्रेटरी, पुण्याहून नोकरीसाठी आलेला. माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला सगळ्यांच्या आधी धावून येई, फक्त धावून आल्यावर गप्प बसणं त्याला जमत नसे. "सुदीपराव, ही जातच तशी आहे. मध्यंतरी पेपरमध्ये किती आलं होतं. आज मालक, उद्या लहान मूल. तुम्ही हो म्हणा, बाकीचं मी बघतो. एक जण गाडी घेऊन येतो, इंजेक्शन देतात. तिला कळणारही नाही."

सुदीपनं झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चार वाजता बोलवा," तो म्हणाला. "अप्पांना पोचवून येतो, मग तिला. माझ्या बापाला मारलं तिनं."

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून भाग्या ऐकत होती. भाग्या म्हणजे सुदीपची बायको. माहेर बन्नूरचं, लग्नाला चौदा वर्षं झालेली, आणि चौदा वर्षांत सासऱ्याशी एकदाही तोंडाला तोंड दिलेलं नाही. अप्पाराव होतेच तसे, कुणावर आवाज न चढवणारे. घराण्याचा धंदा कापड रंगवण्या-छापण्याचा, तो कधीच बुडाला. सुदीप आता फ्लेक्स छापायचा आणि पुढाऱ्यांचे दात पांढरे करायचा. पण अप्पारावांनी छापायचं जुनं टेबल या नव्या घरापर्यंत वागवत आणलं होतं. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन ते वीतभर का होईना कापड छापत, कधी सुनेच्या हातीही ठसा देत. तुंगा तेवढा वेळ त्यांच्या पायाला अंग रेलून उभी असे. लोकांना वाटे ती म्हाताऱ्याला ढकलते आहे. "ढकलत नाही रे, टेकते," ते सांगत. "ह्या जातीची मायाच वजनदार."

भाग्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात तीस-चाळीस माणसं होती, येत होती, जात होती, मोठ्यानं बोलत होती. तुंगा त्यातल्या कुणाकडेही बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती.

भाग्या तिथून निघाली आणि झोपायच्या खोलीत गेली. तिथली खिडकी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. पडदा जरासा सरकवला तर तुंगेचं डोकं इकडे वळलेलं होतं.

तुंगेला माहीत होतं. घरात दोघींनाच माहीत होतं, आणि दोघींपैकी एकीला बोलता येत नव्हतं, दुसरीला बोलायची हिंमत नव्हती.

सकाळी साडेसात वाजता तुंगा स्वयंपाकघरात आली होती. एरवी ती उंबरा ओलांडत नसे, अप्पारावांनी तशी शिस्तच लावली होती. भाग्या ओट्याशी पोळ्या लाटत होती. पदर मागे ताणला गेला म्हणून तिनं वळून पाहिलं, तर पदराचं टोक तुंगेच्या दातांत. ती ओढायची, सोडायची, मागच्या दारापर्यंत जायची, परत येऊन ओढायची. भुंकत मात्र नव्हती, उगाच भुंकणाऱ्यातली ती नव्हतीच. आता आठवलं तर शेंबड्या पोरालाही कळेल की ती काय सांगत होती. पण त्या घडीला भाग्याच्या तोंडचं पाणी पळालं. लहानपणी बन्नूरला उसाच्या बांधावर एका कुत्र्यानं तिची पोटरी फाडली होती आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्यानंतर कुत्रं म्हटलं की तिची पाचावर धारण बसे. चार वर्षं तुंगेच्या घरात राहून तिनं तुंगेला एकदाही हात लावला नव्हता. हातात लाटणं होतं. तिनं ते सगळ्या ताकदीनिशी तुंगेच्या नाकावर हाणलं.

तुंगेनं पदर सोडला. गुरगुरली नाही. नुसतं पाहिलं आणि बाहेर गेली. भाग्यानं दार लावून वरची आणि खालची अशा दोन्ही कड्या घातल्या.

मग दारावर नखं वाजू लागली. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. आवाज सहन होईना म्हणून भाग्यानं चटणीचा मिक्सर लावला. चटणी झाली तरी अर्धा तास बंद केला नाही. चटणीचं पार पाणी झालं. मिक्सर थांबवला तेव्हा दारावरचा आवाजही थांबला होता, आणि तिला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणंच आता तिला सगळ्यात जास्त जाळत होतं. कारण त्यानंतर सुदीप कॉफी घेऊन शेडकडे गेला आणि ओरडला. अर्धा तास, डॉक्टर म्हणाले होते. बरोबर तेवढाच अर्धा तास. माणसांनी तोंडावर दार लावलं म्हणून तुंगा परत गेली होती आणि मग तिनंही माणसांना दार लावलं होतं.

हे सुदीपला कसं सांगायचं? बापावर जीव टाकणारा माणूस. आज त्याचा सगळा राग एका जनावरावर होता म्हणून तो उभा तरी राहू शकत होता. तो राग आपल्याकडे वळला तर संसाराचं काय होईल, याचा विचारसुद्धा भाग्याला पुरा करवत नव्हता. पण चार वाजता गाडी येणार होती, तुंगा मरणार होती आणि मरेपर्यंत आपल्याकडे बघत राहणार होती, हेही तेवढंच खरं.

एकच्या सुमाराला अप्पारावांना नेलं. पुरुषमाणसं सगळी गेली. भाग्याची मुलगी अन्विता सकाळपासून उपेंद्रच्या घरी होती. मागे राहिल्या भाग्या आणि अप्पारावांची धाकटी बहीण कमलाक्षी, सगळ्यांच्या आत्याबाई.

आत्याबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि रीत करायला घेतली. माणूस जिथं गेला तिथं जमीन पुसायची, तांदळाचं पीठ चाळून सपाट पसरायचं, मधोमध तेलाचा दिवा ठेवायचा आणि वर कोरी बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालायची. माणसं स्मशानातून परतली की बुट्टी उचलायची. पिठात जे पाऊल उमटलं असेल त्या जन्माला गेलेला माणूस गेला, असं या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले.

"सुदीपचे तिरुमल आजोबा गेले त्या टायमाला गाईचं खूर उठलं होतं," शेडच्या दारात उभ्या राहून आत्याबाई आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दारात एक गाय आली बघ. अण्णानं, तुझ्या मामंजींनी, तिला मरेपर्यंत सांभाळलं. तुझा नवरा तिला आजोबा म्हणायचा, अल्वा, नाही का? लहान होता. अजून तिची आठवण काढतो."

भाग्यानं चमकून पाहिलं. सुदीप ती गोष्ट खरंच सांगे. बाकी कशावर त्याचा विश्वास नव्हता, पण त्या गाईवर होता.

"मी न्हाऊन येते," आत्याबाई म्हणाल्या. "नंतर इथंच उंबऱ्यावर बसते. तू आत जाऊ नको हां पोरी. सुम्मने, गपचूप लांब बस."

त्या न्हाणीघरात गेल्या आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. भाग्या अन्विताच्या कपाटाकडे गेली. गेल्या वर्षी अप्पारावांनी नातीच्या हट्टापायी तुंगेचा पंजा रंगात बुडवून कागदावर उठवला होता आणि त्यावरून सागवानी ठसा कोरला होता. चार बोटं, मागची जाड गादी, नखांची चार टिंबं, मापाला माप. अन्वितानं त्यानं घरातले सगळे रुमाल छापून काढले होते. भाग्यानं तो ठसा पदराआड धरला आणि अंगणात आली.

तुंगा उठून उभी राहिली.

अंगणात आता कुणी नव्हतं. झाडाखालून शेडपर्यंत दहा पावलं, आणि तेवढी दहा पावलं तुंगेची नजर तिच्या पाठीवर हातासारखी पडून राहिली. "तुझ्यासाठीच करतेय," भाग्या पुटपुटली. चार वर्षांत तुंगेशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

शेडमध्ये रंगाचा जुना आंबूस वास होता. टेबलावर अर्धं छापलेलं कापड तसंच पडलं होतं, शेवटचं फूल अर्धवट. भाग्यानं गुडघे टेकले आणि बुट्टी उचलली. वारा नव्हता, तरी दिव्याची ज्योत तिच्या बाजूला लवली. पीठ इतकं सपाट होतं की त्याला हात लावायचा धीर होईना. तिनं डोळे मिटले, ठसा टेकवला आणि वरून तळव्यानं दाबला.

ठक्.

आवाज तिच्या मागून आला. टेबलावरून. ठसा कापडावर ठेवून वर मुठीचा ठोका देतात तसा. चौदा वर्षं रोज सकाळी ऐकलेला. भाग्याची मान वळेना. अंगणात साखळी खळखळली. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर तुंगा शेडकडेच बघत होती, पण भाग्याकडे नव्हे. तिच्या डोक्यावरून, टेबलाकडे. कान उभारलेले, आणि शेपटीचा आखूड बुंधा आनंदानं हलत होता.

मग शेपटी थांबली. तुंगेची नजर पुन्हा भाग्यावर आली आणि दिवसभरात पहिल्यांदाच ती गुरगुरली. मोठ्यानं नाही. नको म्हणावं तशी.

भाग्यानं ठसा उचलला. पिठात पंजा स्वच्छ उमटला होता. बुट्टी पालथी घालून ती उठली आणि टेबलाकडे न बघता बाहेर आली. ठसा कमरेला खोचला. न्हाणीघरात पाणी अजून वाहत होतं.

आत्याबाई ओल्या केसांनी येऊन उंबऱ्यावर बसल्या, जपाची माळ घेऊन. भाग्या पायरीवर बसली. तिथून शेडचं दार, बुट्टी आणि तुंगा, तिन्ही दिसत होती. दोन तास ती त्या बुट्टीवरून नजर हलवत नव्हती आणि तुंगा तिच्यावरून. तुंगेपुढे कुणीतरी ठेवलेलं दूध तसंच होतं, त्यावर साय धरली होती. तिचं नाक एका बाजूनं सुजलं होतं. गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साडेतीनला माणसं परतली. सुदीप ओलेत्यानंच आला, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. त्याच्यामागे उपेंद्र आणि दोन-चार नातलग. आत्याबाई उठल्या. "सगळे लांब उभे राहा," म्हणाल्या. सुदीपला मात्र त्यांनी जवळ घेतलं. आता फक्त एवढंच व्हायला हवं होतं, की सुदीपनं तो पंजा पाहावा, लहानपणीच्या गाईची आठवण व्हावी आणि त्यानं झाडाकडे वळून बघावं. मग कुणालाच काही सांगायला नको.

आत्याबाईंनी बुट्टी उचलली.

पीठ कोरं होतं.

नुकतंच चाळून पसरावं तसं. सपाट, पांढरं, एक रेघ नाही. मधोमध दिवा संथ जळत होता.

"कायच नाही," आत्याबाई हळूच म्हणाल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "नोडु, बघ सुदीप, कायच नाही! आय्तु, झालं. सुटला रे माझा अण्णा. कुठं अडकला नाही."

नातलगांनी हात जोडले. सुदीप तिथंच भिंतीला धरून रडला. भाग्याचा हात कमरेकडे गेला. ठशाच्या खाचांत बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं. चारही बोटांच्या खाचांत, गादीत, नखांच्या टिंबांत, गच्च भरलेलं.

"आत्याबाई," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तुम्ही उठला होतात मध्ये?"

"छे गं. उंबऱ्यावरून हलले नाही. तू समोरच होतीस की."

समोरच होती. तिनं डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. त्या बुट्टीला कुणी शिवलं नव्हतं. आणि तरी आत कुणीतरी हलक्या हातानं ते पुसून टाकलं होतं. चुकीचा छाप पडला की अप्पाराव त्याला दुसऱ्या छापाखाली झाकत नसत. कापड धुऊन काढत आणि पुन्हा कोरं करून सुनेसमोर धरत, "आता नीट कर," म्हणत. भाग्याला ते टेबलाशी उभे असल्यासारखे जाणवले. रागावलेले नव्हते ते. वाट बघत होते. रागावले असते तर बरं, असं तिला झालं.

फाटकाबाहेर गाडी थांबली. उपेंद्रनं घड्याळात पाहिलं. "वेळेवर आला," तो म्हणाला आणि फाटक उघडायला गेला. हातमोजे घातलेला एक माणूस जाड दोरीचा फास घेऊन आत आला. तुंगा त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही.

"थांबा," भाग्या म्हणाली.

कुणी थांबलं नाही, इतक्या बारीक आवाजात ती बोलली होती. तेव्हा ती पायऱ्या उतरली, पेरूच्या झाडापाशी गेली आणि त्या माणसाच्या आणि तुंगेच्या मध्ये उभी राहिली. तुंगेचा गरम श्वास तिच्या पोटऱ्यांना लागत होता.

"अहो," ती सुदीपला म्हणाली, "तिनं नाही मारलं. ती सकाळी मला बोलवायला आली होती. माझा पदर धरून ओढत होती. मला वाटलं चावतेय. मी लाटणं मारलं तिला, हे बघा, नाक बघा तिचं. दाराला कड्या घातल्या. ती दार खरवडत होती आणि मला ऐकू येऊ नये म्हणून मी मिक्सर लावला. अर्धा तास लावला. मामंजी तेव्हा जिवंत होते हो. मग नाही येऊ दिलं तिनं कुणाला जवळ. का येऊ देईल? काय करायचं ते माझं करा. तिला नका नेऊ."

शेडमधल्या दिव्याची वात तडतडली. आत्याबाईंनी तोंडावर पदर धरला. उपेंद्र आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलला नाही.

भाग्यानं मनाची तयारी केली, शिव्यांची, माराची, माहेरी पाठवण्याची. सुदीप पुढे आला. आला आणि तिच्यासमोर मटकन खाली बसला.

"मिक्सर ऐकला मी," तो म्हणाला. "त्याच्याआधीचं खरवडणंपण ऐकलं. मी आंघोळ करत होतो, न्हाणी मागच्या दाराला लागूनच नाही का? तुझं दार उघडेना तेव्हा ती माझ्या दारावर आली, भाग्या. पंजे मारत होती. कण्हत होती. मी आतून ओरडलो, तुंगा गप, जा. तरी जाईना, तेव्हा नळ पुरा सोडला." त्यानं ओल्या धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पण ते पुसलं जाईना. "माझा बाप होता. मी तरी उघडायला हवं होतं."

चौदा वर्षं एका घरात काढलेल्या त्या दोघांनी तेच लपवलं होतं, आणि दोघांचं मिळून एक मुकं जनावर फासावर चाललं होतं.

उपेंद्रनं गाडीवाल्याला खांद्याला धरून फाटकाबाहेर नेलं. सुदीपनं साखळीला हात घातला. गाठ पडली होती, ती त्याला सुटेना. भाग्यानं खाली बसून दुसऱ्या बाजूनं कडी धरली, तुंगेच्या मानेला, केसांना, कातड्याला पहिल्यांदा हात लावून. कडी सुटली आणि साखळी जमिनीवर पडली.

"तुंगा," सुदीप म्हणाला. "ये."

तुंगा उठली नाही. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग हनुवटी पंजांवर ठेवून डोळे मिटून घेतले. दोघांपैकी कुणाचीच तिला पुन्हा हाक मारायची हिंमत झाली नाही. ऊन उतरलं, नातलग एकेक करून निघून गेले, आत्याबाईंनी दोनदा आतून बोलावलं. ती दोघं तिच्यासमोर मातीत बसून होती. उठायचं की नाही, ते आता तिनंच ठरवायचं होतं.